मृत्पात्रे, ओतीव

चिकणमातीची वाहती रबडी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या सच्छिद्र साच्यात ओतून बनविलेली भांडी. चाकावर न साधणारे पैलू व उठावाची नक्षी या पद्धतीने पुनःपुन्हा हुबेहूब उठविता येतात. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात ही पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यापासून रुजली. लहान विद्युत् भट्ट्या मिळू लागल्याने आता घरीही असे मग बनविता येतात.

साचा : प्लॅस्टर घट्ट होण्याच्या रासायनिक विक्रियेस त्याच्या वजनाच्या सु. १८·६% पाणी पुरते. प्रत्यक्षात १०० भाग प्लॅस्टरमध्ये सु. ७० भाग पाणी मिसळतात. जादा पाणी वाळून गेल्यावर मागे राहणारी सूक्ष्म छिद्रे हेच साच्याचे बळ होय. साचा वाळविताना सु. ५०° से. पेक्षा अधिक तापवू नये. अन्यथा त्यातील स्फटिकजल निघून जाऊन तो भुसभुशीत होतो. वाळताना व भाजताना माती आक्रसते. एकूण आक्रसण १०% असल्यास ९ सेंमी. उंचीच्या मगासाठी मूळ नमुना १० सेंमी. उंच घ्यावा लागतो.

रबडी : यशापयश मुख्यतः हिच्यावर अवलंबून असते. केवळ पाण्याने माती वाहती केल्यास पाणी इतके लागते की, साचा लवकर भिजतो व पात्र फार आक्रसून तडकते. यासाठी कोरड्या मातीच्या सु. ०·२ ते ०·५% सोडियम सिलिकेट (जलकाच) घालतात. त्यामुळे मातीचे कण परस्परांना दूर सारतात आणि थोड्या पाण्यातही रबडी वाहते. एक लिटर रबडीचे वजन सु. १,७५० ग्रॅ. भरावे. रबडी दाट दिसताच पाणी ओतण्याचा नवशिक्यांचा मोह घातक ठरतो; मात्र जलकाचही प्रमाणाबाहेर गेल्यास रबडी उलट घट्ट होते.

ओतकाम : साचा पाणी शोषतो तसा त्याच्या आतील बाजूस मातीचा थर बसतो. थराची जाडी काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, ३ मिमी. थरास १० मिनिटे लागली, तर ६ मिमी. थरास सु. ४० मिनिटे लागतात. हवी ती जाडी येताच साचा उपडा करून उरलेली रबडी काढून घेतात. थर आक्रसून साच्यापासून सुटला की मग बाहेर निघतो. कान वेगळा ओतून रबडीनेच चिकटवितात. दोन्ही भाग सारखेच ओले नसतील, तर सांधा वाळताना फाटतो. सांध्याची शिवण ओल्या स्पंजाने पुसावी. कोरडी माती घासल्याने उडणारी सिलिकेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकामयता (सिलिकोसिस) हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो.

भाजणी : पहिली भाजणी सु. ९५०–१,०००° से. ला करून झिलई देतात. स्टोनवेअर मातीची दुसरी भाजणी सु. १,२००–१,२८०° से. पर्यंत जाते, स्वयंपाकघरातील ओव्हन येथे निरुपयोगी होय. झिलईत शिसे वा कॅडमियम असल्यास व ती नीट पिकली नसल्यास लिंबाच्या सरबतासारख्या आम्लधर्मी पेयात ही विषारी धातुद्रव्ये उतरतात, आणि भांडे दिसावयास निर्दोषच असते. म्हणून पिण्याच्या भांड्यांसाठी ही द्रव्ये नसलेलीच झिलई निवडून ती तिच्या ठरावीक तापमानापर्यंत भाजावी. केवळ शोभेसाठी असलेल्या झिलया मगाच्या आतील बाजूस व ओठ लागतात त्या कडेस लावू नयेत.