वेगळा पट आणि खुला पट

भारतात राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली १९५५ साली, आंध्रातल्या एलुरूमध्ये. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना पहिले विजेतेपद विभागून मिळाले. महिलांची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९७४ मध्ये बंगळूरला भरली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढे पहिल्या दशकातली सारी विजेतेपदे ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुलींकडे, म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी यांच्याकडेच राहिली. बुद्धिबळात अंगबळाचा काहीच प्रश्न नाही, तर मग महिलांसाठी वेगळी स्पर्धा हवीच कशाला, असे आजही विचारले जाते. वेगळी स्पर्धा हवीच, फक्त तिने खुल्या स्पर्धेचे दार लावून घेता कामा नये, असे माझे मत आहे. आपल्याकडचा इतिहास याच बाजूने साक्ष देतो.

वेगळ्या स्पर्धेला दोनच वर्षे झाली असताना, १९७६ मध्ये, तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. मोठे वादंग माजले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यापासून महिलांना अडवता येणार नाही. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवले. एका शाळकरी मुलीने मिळवलेला हा हक्क मला तिच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांइतकाच मोलाचा वाटतो. १९८१ मध्ये ती आशियाई विजेतीही झाली.

एकाच घरात दहा वर्षे किताब राहिला, याचा अर्थ खेळणाऱ्या मुलीच मोजक्या होत्या, असा आक्षेप घेता येईल. तो खराच आहे. पण स्पर्धा दरवर्षी होत राहिली म्हणूनच तो घेरा फुटला. भाग्यश्री ठिपसे आणि अनुपमा गोखले यांनी प्रत्येकी पाच वेळा अजिंक्यपद मिळवले, मग तमिळनाडूच्या एस. विजयालक्ष्मीने सहा वेळा. पुढे ओडिशाची पद्मिनी राऊत सलग चार वर्षे जिंकली, गोव्याच्या भक्ती कुलकर्णीने दोनदा किताब नेला, नागपूरच्या दिव्या देशमुखनेही दोनदा. समोर तोलामोलाच्या प्रतिस्पर्धी, नावावर राष्ट्रीय किताब आणि पुढे देशाच्या संघाची आशा, एवढे हाताशी असले की घरच्यांनाही मुलीला खेळवत ठेवायला कारण मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हंगेरीची ज्युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेला कधी गेलीच नाही. १९९१ मध्ये तिने आपल्या देशाची खुली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. वेगळ्या गटामुळे मुलींची झेप तोकडी पडते, या मताला तिच्या कारकिर्दीचा भक्कम आधार आहे. आपल्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत आजवर एकही महिला विजेती झालेली नाही, हेही मान्य करावे लागते. तरी पोल्गारची वाट सगळ्यांवर लादणे बरोबर नाही. तिला लहानपणापासून मिळालेली तालीम किती मुलींना मिळते? आणि दोन वाटांपैकी एकच धरायची सक्तीही नाही. दिव्याने २०२५ मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यानेच ती ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत ती खुल्या गटात उतरली आणि जगज्जेत्या गुकेशला तिने बरोबरीत रोखले. तिथल्याच महिला गटाचे विजेतेपद आर. वैशालीने पटकावले.

म्हणून जिल्ह्या-तालुक्याच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि पालकांना एक आग्रहाचे सांगणे आहे. मुलींचा वेगळा गट जरूर ठेवा, पण खुल्या गटाच्या यादीतही त्यांची नावे घाला. तो हक्क त्यांना १९७६ पासून आहे.