संघाचा सालदार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की शिरपूरच्या आसपासच्या गावांतील ओट्यांवर एक जुनाच व्यवहार नव्याने सुरू होतो: कोणता सालदार कोणाकडे राहणार, किती रकमेला राहणार आणि रकमेवर त्याला दाणे किती द्यायचे. नांगरट, वखरणी, कपाशीची निंदणी, रात्रीची पाण्याची बारी, गुरांचे वैरणपाणी आणि पीक उभे राहिले की त्याची राखण, एवढी सारी कामे एकाच माणसाच्या अंगावर टाकून वर्षाचा सौदा एका आकड्यात मुक्रर करण्याची ही खानदेशी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना क्रिकेटमधील अष्टपैलू खेळाडू म्हणजे काय हे समजावून देण्यास मला कधीच कष्ट पडले नाहीत. मराठीने त्याला अष्टपैलू म्हटले ते हिऱ्यावरून. त्या शब्दात चमक पुष्कळ आहे, श्रम मात्र दिसत नाहीत. मला विचाराल तर तो संघाचा सालदार असतो, आणि सालदाराप्रमाणेच त्याची आठवण काम अडले म्हणजे अधिक होते.

अकरा जणांच्या संघात पाच फलंदाज, चार गोलंदाज आणि एक यष्टिरक्षक बसविले की उरलेल्या एका जागेवरून निवड समितीत वाद माजतो. आणखी एक फलंदाज घ्यावा तर गोलंदाजी तोकडी पडते, गोलंदाज घ्यावा तर सहावा बळी पडताच डाव गडगडण्याची धास्ती. दोन्ही कामे जाणणारा मनुष्य मिळाला तर हा वाद जागच्या जागी मिटतो. परंतु दोन पगारांचे काम एका पगारात करणाऱ्या त्या माणसाच्या माथी एक शंका कायमची बसते, की हा खरा फलंदाज नव्हे आणि खरा गोलंदाजही नव्हे. दिवसभर चेंडू टाकून खांदा आणि टाचा भरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पॅड बांधून उभे राहण्यात शरीराची जी झीज होते, ती धावफलकावर कुठेच मांडलेली नसते.

धंदा म्हणून क्रिकेट खेळण्याची सोय १९५० च्या सुमारास हिंदुस्थानात जवळजवळ नव्हती. ज्याला ती हवी असे त्याने विलायतेत लँकेशायरच्या लीगमधील एखाद्या गिरणीगावाशी हंगामाचा करार करावा आणि हंगामभर त्या गावासाठी फलंदाजी, गोलंदाजी आणि पोरांची शिकवणी असे सर्व काही करावे. म्हणजे तेही एक सालच. सांगलीचे विजय हजारे तिकडे खेळून आले होते. अष्टपैलू विनू मांकडांनी १९५२ साली हॅसलिंग्डनशी करार केला, कारण इंग्लंडच्या दौऱ्यावर आपली निवड होईलच अशी हमी त्यांना क्रिकेट मंडळाकडून मिळाली नव्हती. पहिल्या कसोटीत हिंदी संघाचे चार गडी शून्यावर बाद झाल्यावर मंडळाचे डोळे उघडले आणि हॅसलिंग्डनच्या मालकांकडे रदबदली करून मांकडांना लॉर्ड्सच्या कसोटीसाठी मोकळे करून घेण्यात आले. तेथे त्यांनी ७२ धावा काढल्या, ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले आणि लगेच दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या. सामना तरीही आपण हरलो. परक्याच्या शेतावरून चार दिवसांसाठी उसना आणलेला गडी एवढे करून गेला, याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला आजही ठरविता आलेले नाही.

मांकडांच्याच सावलीत ज्याची कारकीर्द उगवली, तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला. शिरपुराहून तापी ओलांडून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्यावरून खाली गेले की जे नाशिक लागते, तेथे ४ एप्रिल १९३३ रोजी रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म झाला. डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकणारा आणि डाव्याच हाताने फलंदाजी करणारा हा तरुण १९५१-५२ च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळू लागला. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीच्या कसोटीत मांकडांना विश्रांती दिली, म्हणून त्यांच्या जागी नाडकर्णींना घेतले. त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या आणि ५७ षटके टाकली, बळी मात्र एकही मिळाला नाही. पुढच्या कसोटीला मांकड परतले, नाडकर्णींना घरी पाठविले. बदली गड्याचा हिशेब असाच असतो.

त्यांच्या हातात चेंडू वळविण्याची मोठी जादू नव्हती. होती ती टप्प्यावरची हुकमत. सरावाच्या जाळीत खेळपट्टीवर एक नाणे ठेवून ते त्याच ठिकाणी चेंडू टाकीत राहत, ही गोष्ट क्रिकेटवाल्यांच्या तोंडी आहे. आमच्याकडे पाटावरचा पाटकरी बारीचे पाणी सोडताना दार किती बोटे उचलायचे हे जसे मापून उचलतो, तसे हे माप होते.

१२ जानेवारी १९६४ रोजी मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीचा तिसरा दिवस होता. त्याआधी बुधी कुंदरनच्या १९२ आणि विजय मांजरेकरांच्या १०८ धावांच्या जोरावर भारताने ७ बाद ४५७ वर डाव घोषित केला होता. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन, दोघेही विकेटीला चिकटून बसणारे. नाडकर्णींनी पहिल्या हप्त्यात ३ षटके टाकली, तिन्ही निर्धाव. दुसऱ्यात ७ षटकांत २ धावा. तिसऱ्या हप्त्यात १९ षटके टाकली, त्यांतील १८ निर्धाव आणि धाव एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या हप्त्यांच्या सांध्यावर सलग २१ षटके निर्धाव गेली. चेंडूंनी मोजले तर १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. शेवटच्या हप्त्यातील ३ षटकांत २ धावा गेल्या आणि एकूण जमाखर्च असा झाला: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य.

या शून्यावर टीकाकारांचा रोख असतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या, प्रेक्षक कंटाळले. धावा रोखणे म्हणजे सामना जिंकणे नव्हे, हे कोणीही मान्य करील. पण राखणदाराने किती चोर पकडले यावरच त्याची किंमत करू लागलो तर ज्या शेताकडे चोर फिरकलेच नाहीत त्याच्या राखणदाराला काय द्यावे? त्याच मालिकेत कानपूरला इंग्लंडने ८ बाद ५५९ धावांचा डोंगर रचून भारतावर फॉलोऑन लादला, तेव्हा पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्यात नाबाद १२२ धावा करून ज्याने सामना वाचविला तो हाच मनुष्य. बळी मिळविता येत नाहीत म्हणणाऱ्यांना त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध उत्तर दिले: पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्यात ९१ धावांत ६. तरी तो सामना भारत हरला.

पोट मात्र या खेळावर भरत नसे. कसोटीचे मानधन त्या दिवसांत काही शेकड्यांपलीकडे जात नव्हते. म्हणून खेळाडू बँकांत, रेल्वेत, कंपन्यांत नोकरी धरीत आणि त्या कंपन्यांकडून मुंबईत टाइम्स शील्डचे सामने खेळत. नाडकर्णी एसीसी या सिमेंट कंपनीत होते. १९६० पासून ते मुंबईकडून रणजी खेळू लागले आणि त्याच हंगामात दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा केल्या. पुढे १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते सहव्यवस्थापक म्हणून गेले. सुनील गावसकरांनी त्यांच्या तोंडचे दोन शब्द सांगितले आहेत, ‘छोडो मत’; सोडू नका, टिकून राहा.

आज शिरपूरच्या मैदानावर सुटीच्या दिवशी टेनिसचा चेंडू घेऊन खेळणाऱ्या पोरांत दोन्ही कामे करणारा एखादा दिसतोच. पहिला फलंदाज तोच, शेवटचे षटकही त्याचेच, आणि चेंडू गटारात गेला तर काढायलाही त्यालाच पिटाळतात. त्याच्या स्वप्नात लिलाव आहे, कोटींची बोली आहे, चार षटकांचा हप्ता आहे. वीस षटकांच्या खेळात षटकामागे सात धावा दिल्या तरी गोलंदाजाची पाठ थोपटतात. नाडकर्णींनी ४१ कसोटींत ९१६५ चेंडू टाकून षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या, हे त्या पोराला सांगितले तर तो मी आकडा चुकलो असे समजून हसतो. त्यांच्या नावावर कसोटीत १४१४ धावा आणि ८८ बळी आहेत. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत ८८८० धावा आणि बरोबर ५०० बळी आहेत. हा शेवटचा आकडा एवढा गोल आहे की कोणी मुद्दाम मोजून टाकल्यासारखा वाटतो.

१९६८ च्या आरंभी पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ न्यूझीलंडला गेला. वेलिंग्टनला नाडकर्णींनी एका डावात ४३ धावांत ६ बळी घेतले आणि परदेशातील पहिली कसोटी मालिका आपण ३-१ अशी जिंकली. मार्चमध्ये ऑकलंडला त्यांची शेवटची कसोटी झाली. त्यानंतरच्या आखाजीला खानदेशातल्या ओट्यांवर नवे साल ठरू लागले, तेव्हा बापूंना पस्तीस वर्षे पुरी झाली होती आणि भारतासाठी त्यांनी पुन्हा चेंडू हाती घेतला नाही.