झिरो वायरमन आणि गुणवत्तेचा कांगावा

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील मोठे, बाजारपेठेचे गाव. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला, विहिरींवर मोटारी बसल्या आणि विजेच्या तारा वाड्यावस्त्यांपर्यंत गेल्या. करकंबच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऊसपट्ट्यात हेच चित्र आहे. तारा वाढल्या, डीपी वाढल्या. त्या सांभाळणारी कायम माणसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. ही पोकळी आधी कंत्राटदाराच्या माणसांनी भरली. तीही अपुरी पडली तेव्हा एक तिसराच माणूस उभा राहिला. गावोगाव त्याला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. त्याचे नाव हजेरीपटावर नसते, खिशात ओळखपत्र नसते, हातात रबरी मोजेही नसतात. पण मध्यरात्री फ्यूज उडाला की शेतकरी फोन त्यालाच करतो आणि खांबावरही तोच चढतो.

आमच्या वस्त्यांमधली कितीतरी मुले आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून कंत्राटदाराकडे राबत आहेत. त्यांची तक्रार एकच असते. सोबतीला दिलेला माणूस काहीच शिकलेला नाही, त्याने केलेले काम पुन्हा करावे लागते, आणि बोलावे तर ‘तुला जमत नसेल तर घरी बस’ असे कंत्राटदार सुनावतो. अशा सहकाऱ्याशी वागायचे कसे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण तो माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

अकरा केव्हीची तार म्हणजे ११,००० व्होल्ट. तिला हात लावण्यापूर्वी उपकेंद्रातून परवानगी घ्यायची, स्विच उघडायचा, तार खरोखर मेली आहे का ते तपासायचे, डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडायची आणि मगच चढायचे, हा क्रम आहे. यातली एकही पायरी गाळता येत नाही. एकाच खांबावर कधी दोन वेगवेगळ्या फीडरच्या तारा असतात. एक बंद केली तरी दुसरी जिवंत असते. कुणाच्या जनरेटरमधून वीज उलट फिरूनही येते. झिरो वायरमनला फ्यूज कसा टाकायचा हे पाहून पाहून येते. कधी टाकायचा नाही हे त्याला कोणी शिकवलेले नसते. खाली उभा असलेला असा सोबती घाईत स्विच जोडतो आणि वर चढलेला प्रशिक्षित कामगार जिवाला मुकतो. म्हणूनच ‘जाऊ द्या, सांभाळून घेऊ’ ही भूमिका दयेची नाही. ती दोघांच्याही घरांवर संकट आणणारी आहे.

आता गुणवत्तेचा कांगावा करणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुम्ही येथे गप्प का? राखीव जागेवर आमचा एक पदवीधर लागला की कार्यक्षमता बुडाली म्हणून ओरड होते. भारतीय रेल्वेच्या आकडेवारीवर अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकोप्फ यांनी केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आरक्षणामुळे रेल्वेची उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. पण कंत्राटदार जेव्हा पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर माणूस घेतो, तेव्हा जाहिरात नसते, परीक्षा नसते, बिंदुनामावली नसते आणि गुणवत्ताही कोणाला आठवत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. राज्यभर असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, कंत्राटी पद्धत मात्र गेली नाही. या पद्धतीत आरक्षणही जाते आणि पात्रताही जाते. उरते ती फक्त स्वस्त मजुरी.

तरीही आम्ही आमच्या तरुणांना सांगतो, राग त्या झिरो वायरमनवर काढू नका. तो बहुधा भूमिहीन घरातला, शाळा अर्धवट सुटलेला, शंभर-दोनशे रुपयांसाठी जीव धोक्यात घालणारा माणूस असतो. त्याला कोणी शिकू दिले नाही आणि मग अडाणी म्हणून हिणवले. हा खेळ आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. जे काम शिकूच दिले नाही, त्या कामाला हे लायक नाहीत असे म्हणणे किती सोपे! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विणकाम खात्याचे दार उघडा, ही त्यांची मागणी होती. अपात्रता जन्माने येत नाही, ती दार बंद करून तयार केली जाते, हा त्यातला धडा आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, अशिक्षित सोबत्याला खांबावर चढू देऊ नका आणि त्याच्या हाती स्विचही देऊ नका. हा त्याचा अपमान नव्हे. हे त्याला समजावून सांगा, चारचौघांत पाणउतारा करू नका. दुसरी गोष्ट, तोंडी तक्रार हवेत विरते. कामाची तारीख, जागा, सोबत कोण होते आणि सुरक्षा साधने मिळाली की नाही, हे लिहून द्या आणि पोच घ्या. एकट्याने दिले तर उद्या कामावरून काढतील. दहा जणांनी सही केली तर विचार करावा लागेल. तिसरी गोष्ट, जे काम दुसऱ्याने केले त्यावर आपली सही करू नका. अपघातानंतर कागदच बोलतो.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाचे नाव हजेरीपटावर आणण्याची मागणी. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ मध्ये वीज अपघाताची सूचना आणि चौकशी यांची तरतूद आहे. कंत्राटदाराच्या कामगाराला अपघात झाला तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. परंतु तो कामगार होता हे सिद्ध कसे करणार? माणूस तारेवर लटकलेला असताना ‘हा आमचा नव्हेच’ असे कंत्राटदाराने सांगितले की विधवेच्या हाती काय उरते? झिरो या शब्दाचा खरा अर्थ तेव्हा कळतो.

नाव लागले की शिक्षणाची मागणीही करता येते. अनुभवाने आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. आयटीआय झालेल्या आमच्या मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात बसून या सोबत्यांना परवानगी, स्विच आणि अर्थिंगचा क्रम शिकवला, तर त्याला एक रुपयाही लागत नाही. प्रशिक्षण देणे ही कंपनीची आणि कंत्राटदाराची जबाबदारी आहे, ती त्यांच्या गळ्यातून उतरू द्यायची नाही. पण ती पार पाडली जाईपर्यंत आपला माणूस जिवंत राहिला पाहिजे.

कंत्राटदाराला आपण दोघे भांडत राहिलेले हवे आहे. शिकलेला न शिकलेल्याला हाकलण्यात गुंतला, की दोघांच्या मजुरीचा हिशेब विचारायला कोणी उरत नाही. तो हिशेब दोघांनी मिळून विचारावा.