वडिलांच्या घड्याळाची साखळी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या कचेऱ्यांतून कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. आमच्या शिवाजी नगरातील घरांतून त्या पिढीची एक ठेव अजून आढळते, ती म्हणजे चावीचे एचएमटी घड्याळ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला निघालेल्या कारखान्याचे हे अपत्य. यंत्र साफसफाई आणि तेलपाणी झाले की बहुधा चालू लागते. अडते ते पोलादी साखळीपाशी. आजोबांचे मनगट उतारवयात बारीक झालेले, नातवाचे भरदार, आणि मधल्या काळात काढलेल्या कड्यांचा ठावठिकाणा कोणालाच नसतो!

अशा वेळी पहिली नजर बक्कलाकडे टाकावी. त्याच्या कडेला बारीक छिद्रांची ओळ असते. आतली स्प्रिंगची पिन एक-दोन छिद्रे सरकवली तरी पुष्कळदा काम भागते. कमी करावयाचीच असेल, तर कड्या बक्कलाच्या दोन्ही बाजूंनी काढाव्यात, म्हणजे बक्कल मनगटाच्या मधोमध राहते. काही साखळ्यांच्या आतल्या अंगास बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने ठोकून काढावयाची आणि उलट दिशेने बसवावयाची. जुन्या साखळ्यांत मात्र पत्रा दुमडून केलेल्या कड्या असतात. त्यांची दुमड जपून उघडावी लागते, कारण वारंवार वाकविलेला पत्रा तुटतो. घाईत पकडीने कडी कापून देणारा कारागीर पाहिला की माझा जीव कळवळतो.

कडी वाढवावयाची झाल्यास खरी परीक्षा. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कारखान्याकडे डोळे लावण्यात अर्थ नाही. आधार उरतो तो जुन्या घड्याळजींच्या खणातील मोडक्या साखळ्यांचा. तेथे नुसते वर्णन सांगून भागत नाही. साखळी सोबतच न्यावी. कडीची रुंदी, जाडी आणि पिनेचे छिद्र, तिन्ही जुळली पाहिजेत. डबीलगतचा वक्र तुकडा तर सर्वांत दुर्मिळ. घड्याळाच्या कानांमधले अंतर, समजा, १८ मिलिमीटर असले, तरी डबीची गोलाई निराळी निघाल्यास तो तुकडा बसत नाही.

साखळी झिजून लोंबू लागली असेल, तर दोष बहुधा पिनांचा आणि छिद्रांचा असतो. पिना नव्या मिळतात, रुंदावलेली छिद्रे सहसा पूर्ववत होत नाहीत. अशी साखळी रोज वापरू नये. घड्याळास साधा चामडी पट्टा लावावा आणि मूळ साखळी, सुट्या कड्यांसह, एका डबीत घालून कपाटात ठेवावी.