अनुदान आणि मुक्तता : मराठी पाठ्यग्रंथांच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

उच्च शिक्षणासाठी लागणारे ग्रंथ सार्वजनिक निधीतून निर्माण व्हावेत, ही कल्पना मराठीला नवी नाही. १९६८-६९ पासून केंद्र शासनाने विद्यापीठीय पातळीवरील ग्रंथ भारतीय भाषांत निर्माण करण्यासाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांचे अनुदान देऊ केले. ह्याच प्रयत्नांचा भाग म्हणून नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ कार्यरत झाले. ग्रंथ निर्माण कसा होईल, हा त्या योजनेपुढील प्रश्न होता. निर्माण झालेल्या ग्रंथाचा वापर कोणी व कोणत्या अटींवर करावा, हा प्रश्न मुद्रणयुगात तितक्या तीव्रतेने उपस्थित होत नव्हता; कारण आवृत्ती संपली की वापरही आपोआप संपत असे. आज प्रत काढणे जवळजवळ निःशुल्क झाले आहे. त्यामुळे हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

२. 'विनामूल्य' आणि 'मुक्त'

'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील परिषदेत रूढ झाली. युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशीनुसार, जी अध्ययन-अध्यापन व संशोधनाची सामग्री सार्वजनिक मालकीची आहे किंवा खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाली आहे, आणि जी इतरांना विनामूल्य मिळवता, पुन्हा वापरता, बदलता व पुनर्वितरित करता येते, ती मुक्त होय. संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येणारा ग्रंथ ह्या अर्थाने मुक्त असतोच असे नाही. एखाद्या अध्यापकास त्यातील एक प्रकरण काढून, त्यात स्थानिक उदाहरणांची भर घालून ते आपल्या विद्यार्थ्यांना देता येत नसेल, तर तो ग्रंथ केवळ विनामूल्य आहे. ह्याच कारणास्तव क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी फेरफारास मनाई करणारे परवाने ह्या व्याख्येत बसत नाहीत.

३. अनुदानातील अट

मुक्तता ही अनुदानाच्या रकमेतून येत नाही. ती अनुदानाच्या अटीतून येते. अमेरिकेतील एका योजनेवरून हे स्पष्ट होते. तेथील श्रम विभागाने २०११ पासून सामुदायिक महाविद्यालयांना कामगार-प्रशिक्षणासाठी चार टप्प्यांत सुमारे दोन अब्ज डॉलरचे अनुदान दिले. अनुदानातून तयार झालेली पाठ्यसामग्री केवळ श्रेयनिर्देशाची अपेक्षा ठेवणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रसिद्ध करावी, अशी अट तिला जोडलेली होती. एका महाविद्यालयाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा पैसे खर्चून करू नये, हा त्यामागील सरळ हिशेब होता. २०१८ मध्ये तेथील काँग्रेसने मुक्त पाठ्यपुस्तकांच्या प्रायोगिक योजनेसाठी पन्नास लाख डॉलर मंजूर केले. ह्या योजनेची रकम लहान असली तरी तिच्यामागील तत्त्व तेच होते.

४. भारतीय कायद्याची चौकट

आपल्याकडे ही अट लेखी असण्याचे महत्त्व अधिकच आहे. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये शासकीय ग्रंथाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९७३ साली प्रसिद्ध झालेला असा ग्रंथ २०३३ अखेरपर्यंत संरक्षित राहतो, मग त्याची एकही प्रत बाजारात नसो. नोकरीच्या ओघात झालेल्या लेखनाचा प्रथम हक्कदार, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. त्यामुळे अध्यापकाचे लेखन हा त्याच्या सेवेचा भाग की स्वतंत्र लेखन, हा वाद उद्भवू शकतो. हक्क-हस्तांतर किंवा परवाना ह्यांच्या करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरताच, असे कायदा मानतो. साहजिकच 'सदर ग्रंथ सर्वांसाठी खुला राहील' एवढ्या मोघम वाक्याने मुक्तता सिद्ध होत नाही.

५. मराठी विभागांपुढील विशेष अडचण

गणिताचा ग्रंथ संपूर्णपणे नव्याने लिहिता येतो. साहित्याच्या पाठ्यग्रंथात मात्र मूळ संहिता अपरिहार्य असते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याने हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य सार्वजनिक होते. त्यामुळे केशवसुत, बालकवी, हरि नारायण आपटे ह्यांच्याबाबत प्रश्न उरत नाही. १९५६ साली निधन पावलेल्या मर्ढेकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखनही २०१७ पासून खुले झाले आहे. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मधील. त्यांचे लेखन २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शैक्षणिक संकलनात संरक्षित साहित्यातील लहान उतारे घेण्यास कायदा सवलत देतो. परंतु संकलन मुख्यतः असंरक्षित साहित्याचे असावे लागते आणि एकाच प्रकाशकाला एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच उतारे घेता येतात. शिवाय असा उतारा इतरांना खुल्या परवान्याखाली देण्याचा अधिकार संकलकाला प्राप्त होत नाही.

ह्याचा परिणाम गंभीर आहे. निव्वळ सोय पाहिली, तर मुक्त पाठ्यग्रंथांतून नवकथा, दलित आत्मकथन, ग्रामीण साहित्य आणि समकालीन कविता हळूहळू वगळली जाईल आणि विद्यार्थ्यासमोरील मराठी साहित्य विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊन थांबेल. म्हणून अनुदानाच्या प्रस्तावात लेखकाचे मानधन, संपादन, युनिकोड अक्षरजुळणी व मुद्रितशोधन ह्यांच्या जोडीला हयात लेखकांना व वारसांना द्यावयाच्या परवानगी-मूल्याची स्वतंत्र तरतूद असली पाहिजे. परवानगी मिळणार नाही तेथे मूळ संहिता न घेता तिच्यावरील विवेचन, संदर्भसूची व स्वाध्याय मुक्त ठेवावेत आणि कोणता भाग कोणत्या परवान्याखाली आहे, ह्याचा निर्देश त्या त्या पृष्ठावर करावा. काही वर्षांनंतरच्या सुधारित आवृत्तीचा खर्चही आरंभीच धरावा.

६. समारोप

ग्रंथनिर्मिती मंडळाच्या पिढीने मराठीत विद्यापीठीय ग्रंथ होऊ शकतो, हे दाखवून दिले. आजच्या विभागांपुढील काम त्याच्या पुढचे आहे. ज्या ग्रंथासाठी समाजाने एकदा पैसे दिले, तो समाजाला पुन्हा विकत घ्यावा लागू नये, आणि पुढच्या अध्यापकाला तो सुधारताही यावा. ही तरतूद ग्रंथ लिहून झाल्यावर करता येत नाही. ती अनुदानाच्या अर्जातच करावी लागते.