इंटरनेटवरील दुकानाची पागडी : 'डॉट इन' नावांची खरेदी-विक्री

पागडी म्हणजे काय, हे आमच्या कापडबाजारात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जागा मालकाची, भाडे आपण भरायचे, आणि दुकान सोडताना येणाऱ्याकडून रक्कम घेऊन हक्क त्याच्या हवाली करायचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ ने या देवघेवीला कायद्याची मान्यताही दिली. इंटरनेटवरील दुकानाचे जे नाव असते, ज्याला डोमेन म्हणतात, त्याचा व्यवहार जवळजवळ असाच चालतो. आपले पुष्कळ व्यापारी बंधू मात्र ते एकदा विकत घेतले की कायमचे आपले झाले, असे समजून चालतात आणि तेथेच फसतात.

डोमेनचा शेवटचा तुकडा बहुधा देश सांगतो. भारताचा 'डॉट इन', ऑस्ट्रेलियाचा 'डॉट एयू'. 'डॉट इन' या इमारतीची मालकी सांभाळणारी संस्था म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, थोडक्यात निक्सी. तिच्या वतीने गाळे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना रजिस्ट्रार म्हणतात. नाव एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. साध्या नावाचे भाडे वर्षाला काहीशे रुपयांत बसते. 'कायमचे नाव करून देतो' असे कोणी म्हणाला तर त्याला दुकानाबाहेरचा रस्ता दाखवावा.

पूर्वी हा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पाहत असे. नियम कडक होते, त्यामुळे २००४ अखेरपर्यंत साऱ्या देशात जेमतेम सात हजारांच्या आसपास नावे नोंदली गेली. २००५ च्या जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी मिळाली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून दार सर्वांना उघडले. सर्वांना म्हणजे जगातील कोणालाही. भारतात दुकान नाही, धंदा नाही, असा माणूसही 'डॉट इन' नाव घेऊ शकतो. जो आधी येईल त्याला नाव, हाच कायदा. मग चांगली चांगली नावे घेऊन ठेवणारे आणि चढ्या भावाने विकणारे निघाले, यात नवल ते काय?

ऑस्ट्रेलियाने याच्या उलट वाट धरली. तेथे 'डॉट कॉम डॉट एयू' घ्यायचे तर त्या देशाशी संबंध दाखवावा लागतो : तेथील व्यवसाय क्रमांक, कंपनी नोंदणी किंवा तेथील ट्रेडमार्क. धंद्याशिवाय नुसते नाव विकायलाही तेथे पूर्वी मनाई होती. ती २००८ मध्ये उठली आणि मार्च २०२२ पासून मधला 'कॉम' नसलेली थेट 'डॉट एयू' नावेही मिळू लागली. पण देशाशी संबंधाची अट कायम आहे. तेव्हा नगर किंवा संगमनेरात बसून कोणी ऑस्ट्रेलियन नाव स्वस्तात देऊ करत असेल, तर घेणाऱ्याजवळ ती पात्रता आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर दिलेले पैसे पाण्यात.

आपल्याकडे दारावर असा पहारेकरी नाही, म्हणून भांडणे कोर्टात जातात. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर 'रेडिफ'चा खटला आला. दुसऱ्याने एका अक्षराच्या फरकाने 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. न्यायालयाने म्हटले की डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धोरण धरले. पुढे 'डॉट इन'साठी निक्सीने लवादाची सोय केली. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आपल्या नावासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते बदनियतीने घेतले किंवा वापरले. लवाद नाव रद्द करतो किंवा तक्रारदाराच्या हवाली करतो. म्हणजे मोठ्या कंपनीचे नाव आधी अडवून लाखो रुपये मागू, असा मनसुबा असेल तर नावही जाते आणि पैसेही. आपल्यासारख्या लहान दुकानदाराने मात्र आपल्या नावाचा ट्रेडमार्क काढून ठेवावा. तो नसेल तर निदान जुनी बिले, पाटीचे फोटो आणि जाहिरातींची कात्रणे जपून ठेवावीत. वेळ आली की नावाचा हक्क यावरूनच सिद्ध करावा लागतो.

हा कारोबार हलाल आहे का, असे काही तरुणांनी आम्हाला विचारले. फतवा देणे आमचे काम नाही, ते उलमांना विचारावे. पण एवढे सांगता येते की जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनात व्यापारी नाव आणि ट्रेडमार्क यांना माली किंमत असलेला हक्क मानले आणि धोका-फसवणूक नसेल तर त्यांच्या देवघेवीस परवानगी दिली. आमच्या मते डोमेन याच रांगेत बसते. दुसऱ्याने वर्षानुवर्षे घाम गाळून कमावलेले नाव अडवून बसणे, भाव चढवण्यासाठी खोटे गिऱ्हाईक उभे करणे, किंवा जे नाव अजून आपल्या हाती नाही ते विकणे, या गोष्टी मात्र वेगळ्या. कापडाच्या गाठीत जे चालत नाही, ते येथे कसे चालेल?

ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या जिल्ह्याचे नाव सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले. तेव्हापासून नव्या नावाची डोमेन घेऊन ठेवा, सोने होईल, असे सांगणारे भेटू लागले आहेत. आम्हाला यात दम दिसत नाही. शहराच्या नावापुढे 'साडी' किंवा 'फर्निचर' जोडून केलेली नावे कितीही निघतात, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत भाडे भरत राहावे लागते. ज्यांच्या दुकानाच्या डोमेनमध्ये अहमदनगर किंवा नगर आहे, त्यांनी घाबरून ते सोडू नये. नोंदणी चालू आहे तोवर ते त्यांचेच आहे आणि जुने गिऱ्हाईक तेच टाइप करणार. हवे तर नवे नाव घेऊन दोन्ही एकाच दुकानाकडे वळवता येतात.

आता प्रत्यक्ष सौदा. जुने नाव विकत घ्यायचे असेल तर निक्सीच्या 'हूइज' या सोयीत ते टाकून पाहावे. नोंदणी कधीची, मुदत कधी संपते, कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, हे तेथे दिसते. विकणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून नाव दाखवले पाहिजे, नुसत्या छापील कागदावर विश्वास ठेवू नये. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर विकणारा 'ऑथ कोड' देतो. हीच किल्ली. किल्ली आधी की रक्कम आधी, हा झगडा टाळण्यासाठी रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याकडे अमानत ठेवावी आणि नाव आपल्या खात्यात आले की ती सोडावी. लेखी करार करावा, विकणारा जीएसटीत असेल तर बिल घ्यावे, व्यवहार बँकेतून करावा. 'तुमचे नाव चीनमध्ये दुसरी कंपनी घेते आहे, आजच आमच्याकडे नोंदवा' अशी ईमेल आली तर ती फाडून टाकण्याच्या लायकीची समजावी. ही जुनी युक्ती आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वेबसाइट बनवणाऱ्याकडे. तो मुलगा नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो आणि दुकानदाराला ते वर्षानुवर्षे कळत नाही. पुढे बिघाड झाला की नाव त्याचे, दुकान आपले! म्हणून नोंदणी दुकानाच्या किंवा मालकाच्या नावाने, मालकाच्या चालू ईमेलवर आणि मोबाइलवरच करून घ्यावी. मुदतीची आठवण त्याच ईमेलवर येते. मुदत उलटल्यावर थोडे दिवस सवलत मिळते, मग जास्त शुल्क भरून नाव सोडवावे लागते, आणि तेही दिवस गेले की ते पुन्हा सर्वांसाठी खुले होते. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसणाऱ्यांची यंत्रे रात्रंदिवस चालू असतात.