मिठाची जकात व तौलनिक लाभाची उपपत्ति

शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें मिठाच्या जकातीचें पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशांत मीठ स्वस्त, संगमेश्वराकडे महाग. जकात जबर न बसविल्यास सारे उदमी बारदेशाकडे वळतील, यास्तव बारदेशचें मीठ संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल इतकी जकात घ्यावी, असा त्याचा आशय. या पत्रास कोणी संरक्षक जकातीचा नमुना म्हणेल; खुल्या व्यापाराचा अभिमानी त्यांत प्रजेचें मीठ महाग केल्याचा दोष पाहील. ही दोन्ही मतें तोलावयाचीं तर खुल्या व्यापाराची उपपत्ति काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें ती १८१७ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिली. त्याच्या उदाहरणांत ठराविक कापडास इंग्लंडांत १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात व ठराविक द्राक्षमद्यास १२० माणसांचे. पोर्तुगालांत त्याच कापडास ९० व त्याच मद्यास ८०. दोन्ही जिनसा पोर्तुगालांतच कमी श्रमांत होतात. मग त्यानें इंग्लंडचें कापड कां घ्यावें? रिकार्डोचें उत्तर असें कीं, ८० माणसांचें मद्य देऊन जें कापड मिळतें, तें घरीं करावयास ९० माणसें लागलीं असतीं. म्हणजे १० माणसांचे श्रम वांचले. इंग्लंडही १०० माणसांचें कापड देऊन १२० माणसांचें मद्य मिळवितें. तात्पर्य, अधिक कुशल कोण हा प्रश्न नसून, एक जिन्नस करण्यासाठीं दुसरी किती सोडावी लागते, हा खरा प्रश्न होय.

हा हिशेब बिनचूक आहे. तथापि त्याच्या पोटांत कांहीं गृहीतें आहेत. भांडवल देशाबाहेर सहसा जात नाहीं, आणि एका धंद्यांतून सुटलेला मनुष्य दुसऱ्या धंद्यांत लागतो, हीं त्यांतील मुख्य. मिठागराच्या बाबतींत दुसरें गृहीत टिकणें कठीण. खाऱ्या जमिनींत उद्यां भात पेरतां येत नाहीं. शिवाय उदमी एकदां परक्या बंदराकडे वळला म्हणजे त्याच्या इतर मालाची जकातही सरकारास मुकते. एकंदर लाभ मोजणारी उपपत्ति, तो लाभ कोणाच्या पदरीं पडला व हानि कोणाच्या, हें सांगत नाहीं. पत्रांतील चिंता नेमकी तेथेंच आहे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत हेंच प्रतिपादिलें कीं, पाश्चात्य अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळीं सारखे लागू पडत नाहींत.

म्हणून हें पत्र अज्ञानाचें म्हणणें चूक, आणि त्यांतून सर्वकाळचें संरक्षणतत्त्व काढणेंही चूक. जी जकात मिठागर राखावयाची, तिचाच भार मीठ विकत घेणाऱ्यावर पडतो. दोन्ही बाजूंचा ताळा एका पत्रावरून होत नाहीं. त्यास बाजारचे निरख, थळभरीत व थळमोड यांचे आंकडे, आणि मिठागरांचे वसुलाचे कागद पाहिजेत. राजकारणाचा मजकूर नाहीं म्हणून असे कागद रुमालांतून वगळले जातात. तहनामे व महजर ज्या आस्थेनें जपावयाचे, त्याच आस्थेनें हे तुकडेही जपावे, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.